ढळलेली पापणी : शस्त्रावाचून उपाय

मनुष्याचे वय त्याच्या केसांवरून ओळखावे असा लौकिक समज आहे. परंतु केस रंगविता येतात आणि फेट्याखाली झाकताही येतात. वयाची खरी नोंद डोळ्यांच्या परिसरात होत असते. कपाळावर आडव्या आठ्या उमटतात, भुवयांची बाहेरची टोके खाली झुकतात, वरच्या पापणीवर कातडीची सैल घडी येऊन बसते आणि मनुष्य ताजातवाना असतानाही पाहणाऱ्यास थकलेला किंवा खिन्न वाटू लागतो. अशा चेहऱ्याकडे पाहून घरातील मंडळी "आता वय झाले" एवढेच म्हणतात आणि विषय तेथेच संपतो. वस्तुतः तो तेथे संपावयास नको. पापणीचे ढळणे कधी केवळ वयाचे लक्षण असते, कधी एखाद्या जुनाट विकाराची पहिली खूण असते, आणि कधी त्या मनुष्याच्या आयुष्याचे मोजके तासच उरले आहेत अशी सूचना असते. या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या कशा ओळखाव्या आणि त्यांवर शस्त्र न चालविता काय करता येते, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

हा विषय मोठ्या शहरांतील शौकीन लोकांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला नगर जिल्हा, ज्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तो बहुतांशी पर्जन्यछायेत येतो. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांत वर्षातील कितीतरी महिने निरभ्र आकाशाखाली काम करावे लागते. सूर्यकिरणांतील जंबुपार भाग त्वचेतील लवचीक तंतूंचा नाश करतो. त्यामुळे उन्हात राबणाऱ्या माणसाची कातडी सावलीत बसणाऱ्याच्या कातडीपेक्षा लवकर सैल पडते. डोळे बारीक करून उन्हाकडे पाहण्याची सवय भुवया खाली ओढणाऱ्या स्नायूंना दिवसभर राबविते. तेव्हा ज्याला सौंदर्याचा प्रश्न म्हणून हसण्यावारी नेले जाते, तो कष्टकऱ्यांच्याही चेहऱ्यावर लिहिलेला असतो.

प्रथम या अवयवाची रचना समजून घेणे इष्ट होय. विहिरीवर मोट चालत असे तो काळ आता गेला, तथापि वडीलधाऱ्या मंडळींस तिची रचना अद्यापि आठवत असेल. मोट वर यावयाची तर चार गोष्टी ठीक असाव्या लागत: पाण्याने भरलेली मोट, तिला बांधलेला नाडा, धावेवर चालणारे बैल, आणि बैलांना हाक देणारा मोटकरी. वरची पापणी ही मोट समजावी. तिच्या आत डोळ्याच्या खोबणीच्या तळापासून निघालेला एक लांबट स्नायू असतो, ते बैल. त्या स्नायूचे पुढचे टोक पातळ पांढऱ्या पडद्याचे होऊन पापणीला चिकटते, तो नाडा. आणि मेंदूतून निघालेल्या मस्तिष्क-मज्जातंतूंपैकी तिसरा तंतू त्या स्नायूस आज्ञा देतो; तो मोटकरी. याखेरीज त्याच स्नायूच्या पाठीशी एक लहानसा जोडस्नायू असतो. त्यावर मनुष्याच्या इच्छेची सत्ता चालत नाही. तो पापणी आणखी सुमारे दोन मिलिमीटर उचलून धरतो. भीतीने डोळे विस्फारतात ते याच्याच करणीने. निरोगी माणसाची वरची पापणी बुबुळाच्या वरच्या कडेवर एक ते दोन मिलिमीटर एवढीच टेकलेली असते. ती खाली उतरून डोळ्याच्या बाहुलीस झाकू लागली म्हणजे दृष्टीचा वरचा भाग अंधारतो.

भुवईची व्यवस्था निराळी आहे. तिला वर ओढणारा स्नायू एकच, तो म्हणजे कपाळाचा. तिला खाली ओढणारे मात्र अनेक. डोळा मिटणारा वर्तुळाकार स्नायू आणि रागाने भुवया जवळ आणणारे लहान स्नायू हे त्यांतले मुख्य होत. यांत आणखी एक गोम अशी आहे, की कपाळाचा उचलणारा स्नायू भुवईच्या बाहेरच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. तिकडे ओढणारे आहेत, परंतु सावरणारा कोणी नाही. म्हणूनच वय वाढू लागले की भुवईचे बाहेरचे टोक प्रथम ढळते. त्यात कवटीचे हाड किंचित झिजते, कातडीखालील चरबी खाली सरकते आणि कातडीचा ताण कमी होतो. घराचे आढे मजबूत असूनही कडेचे छप्पर लोंबू लागावे, तसाच हा प्रकार होय.

यावरून ढळण्याचे तीन प्रकार वेगळे करता येतात. पहिल्या प्रकारात भुवई खाली येते आणि आपल्याबरोबर पापणीची कातडी लोटते. दुसऱ्यात भुवई जागच्या जागी असते, पण पापणीची कातडी वाढून तिची घडी पापण्यांच्या केसांवर येते. तिसऱ्यात कातडी ठीक असूनही पापणीची कडाच खाली उतरलेली असते. खरे पापणी पडणे ते हेच. आरशासमोर उभे राहून, बोटाने भुवई हळूच वर धरून पाहावे. तेवढ्याने डोळा मोकळा झाला तर दोष भुवईचा समजावा. कातडीची घडी उचलल्याने झाला तर तो कातडीचा. दोन्ही करूनही पापणीची कडा बाहुलीवरच राहिली तर दोष आतल्या स्नायूत, त्याच्या नाड्यात किंवा त्याच्या मज्जातंतूत आहे, आणि तेथे सौंदर्यगृहाची वाट न धरता नेत्रवैद्याची वाट धरावी. ज्यांच्या पापण्या पडतात ते कपाळाच्या स्नायूने भुवया सतत वर ताणून, हनुवटी उचलून पाहात असतात. त्यांच्या कपाळावरील आठ्या चिंतेच्या नसतात, त्या दृष्टीसाठी चाललेल्या धडपडीच्या असतात.

आता उपायांकडे वळू. भुवईसाठी आज जगभर सर्वांत अधिक वापरला जाणारा बिनशस्त्राचा उपाय म्हणजे एक विष आहे, हे ऐकून कित्येकांस आश्चर्य वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील वैद्य व कवी युस्टिनुस कर्नर याने बिघडलेले सॉसेज खाऊन दगावलेल्या लोकांची लक्षणे १८२० च्या सुमारास बारकाईने लिहून ठेवली. पडलेल्या पापण्या, दुहेरी दृष्टी आणि गिळण्यास अडचण ही त्यांत प्रमुख होती. पुढे बेल्जियममध्ये १८९५ साली एका गावी खारविलेले डुकराचे मांस खाऊन अनेक लोक आजारी पडले. त्यावरून एमिल व्हान एर्मेंगेम याने या विषाचा जनक जंतू शोधून १८९७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हे बोट्युलिनम विष मज्जातंतूच्या टोकाशी स्नायूला मिळणारी आज्ञा अडवून धरते. अमेरिकेतील नेत्रवैद्य ॲलन स्कॉट यांनी, स्नायू सैल करण्याचा हा गुण तिरळेपणावर का वापरू नये, असा विचार करून अतिसूक्ष्म मात्रेत त्याची योजना केली, आणि १९८९ साली तेथील सरकारने तिरळेपणा व पापण्यांची अनावर उघडझाप यांसाठी त्यास मान्यता दिली.

सुरकुत्यांकडे लक्ष गेले ते ओघानेच. कॅनडातील व्हँकूव्हर येथील नेत्रवैद्य जीन कॅरदर्स यांच्या एका रुग्णाच्या भुवयांमधील आठ्या या औषधाने मावळल्या असे १९८७ मध्ये आढळले. त्यांचे पती ॲलिस्टर हे त्वचावैद्य. उभयतांनी त्याचा अभ्यास करून १९९२ मध्ये तो प्रसिद्ध केला, आणि २००२ साली भुवयांमधील आठ्यांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. बोटॉक्स हे त्यातल्या एका औषधाचे व्यापारी नाव आज घरोघरी ठाऊक झाले आहे.

भुवई वर जाते ती कशी? विषाने भुवई उचलली जात नाही. खाली ओढणाऱ्या स्नायूंना तात्पुरते झोपविले म्हणजे वर ओढणाऱ्या एकट्या कपाळस्नायूस मोकळे रान मिळते. तराजूच्या एका पारड्यातील वजन काढावे तसे हे आहे. परिणाम तीनचार दिवसांत दिसू लागतो, दोन आठवड्यांत पुरता होतो, आणि साधारण तीन ते चार महिन्यांनी ओसरतो. लाभ असतो तो एकदोन मिलिमीटरांचा, फार तर थोडा अधिक. परंतु येथेच सावधानतेची गोष्ट येते. ज्या वृद्धाची पापणी मुळातच पडलेली आहे आणि जो कपाळाच्या बळावर डोळा उघडा ठेवीत आहे, त्याच्या कपाळात आठ्या घालविण्यासाठी हे औषध टोचले तर त्याचा एकुलता आधार निघून जातो, भुवई खाली कोसळते आणि डोळा झाकतो. औषध आत झिरपून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोहोचले तरी पापणी काही आठवडे पडून राहते. हे दोष कालांतराने नाहीसे होतात, तथापि तोवर वाचन, वाहन चालविणे, जिना उतरणे यांची पंचाईत होते. म्हणून हे काम स्नायूंची जागा हाताच्या रेषांसारखी माहीत असलेल्या वैद्याचेच होय. गर्भवती स्त्रिया, स्तनदा माता आणि पुढे सांगितलेल्या स्नायुदौर्बल्याच्या विकाराचे रुग्ण यांनी ते टाळावे.

दुसरा उपाय उष्णतेचा. त्वचेच्या खोल थरातील तंतू सुमारे साठ ते सत्तर अंश सेल्सिअस उष्णतेस आक्रसतात आणि त्या जागी पुढील काही महिन्यांत नवे तंतू तयार होतात. एकवटलेल्या श्राव्यातीत ध्वनिलहरी किंवा रेडिओलहरी यांच्या साहाय्याने वरची कातडी न भाजता ही उष्णता आत पोहोचविता येते. ध्वनिलहरींच्या अशा एका यंत्रास भुवई उचलण्यासाठी २००९ साली अमेरिकेत परवानगी मिळाली. फळ दिसावयास दोनतीन महिने लागतात, आणि ते माफक असते. चाळिशी-पन्नाशीतील, किंचित ढळलेल्या भुवईस त्याचा उपयोग होतो. साठी उलटून गेल्यावर लोंबणाऱ्या कातडीस नाही.

तिसरा उपाय भरणाचा. भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली किंवा खोल गेलेल्या कानशिलात हायॲल्युरॉनिक आम्लाचा जाडसर रस टोचून झिजलेला आधार भरून काढतात. ऐकण्यास हे सोपे वाटते, परंतु कपाळाच्या आणि भुवयांच्या रक्तवाहिन्यांचा डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी थेट संबंध आहे. सुई चुकून वाहिनीत शिरली तर तो रस उलट वाहून डोळ्याचा रक्तपुरवठा तोडू शकतो आणि दृष्टी कायमची जाते. असे प्रसंग विरळ असले तरी घडलेले आहेत. चारदोन दिवसांचे शिक्षण घेऊन थाटलेल्या दुकानात हा प्रयोग करून घेणे म्हणजे डोळे पणास लावणे होय.

चौथी गोष्ट म्हणजे मलमे आणि चेहऱ्याचे व्यायाम. जीवनसत्त्व अ पासून सिद्ध केलेले ट्रेटिनॉइन नावाचे मलम त्वचेच्या बारीक सुरकुत्या कमी करते हे सिद्ध आहे. परंतु कोणतेही मलम भुवई उचलीत नाही, कारण ते स्नायूपर्यंत पोहोचतच नाही. कपाळाला दिवसातून शंभरदा ताण देण्याने आठ्याच वाढावयाच्या. खरा स्वस्त आणि खात्रीचा उपाय हा ऱ्हासास आधीच आवर घालण्याचा आहे: उन्हात टोपी किंवा पदर पुढे ओढलेला असावा, काळा चष्मा वापरावा, डोळे चोळण्याची सवय सोडावी आणि तंबाखूचे धूम्रपान वर्ज्य करावे. वर्षानुवर्षे डोळे चोळल्याने, तसेच डोळ्यात बसवावयाची भिंगे वर्षानुवर्षे ओढून काढण्याने पापणीचा नाडा सैल होतो, हे नेत्रवैद्यांनी पाहिलेले आहे.

नाडा सैल झाल्याने खरोखरच पडलेल्या पापणीसाठी दोन बिनशस्त्राचे मार्ग आहेत. एक थेंबांचा. ऑक्सिमेटाझोलीन या औषधाचे सौम्य थेंब मागे सांगितलेल्या जोडस्नायूस चेतवून पापणी सुमारे एक मिलिमीटर उचलतात. प्रौढांच्या पापणीसाठी २०२० च्या जुलैत अमेरिकेत त्यांस मान्यता मिळाली. त्यांचा परिणाम काही तासांचा असतो, म्हणून ते रोज घालावे लागतात; आणि रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्याने ते वैद्यास विचारूनच घ्यावे. बंद नाक मोकळे करण्याच्या थेंबांतही हेच औषध असते. परंतु ते थेंब कोणीही डोळ्यात घालू नयेत, त्यांची तीव्रता व घडण निराळी असते. दुसरा मार्ग चष्म्याचा. चष्म्याच्या चौकटीस आतून तारेची किंवा प्लॅस्टिकची बारीक कमान बसवितात; ती पापणीच्या घडीत रुतून तिला उचलून धरते. ज्यांना वयामुळे किंवा अन्य आजारामुळे शस्त्रक्रिया झेपत नाही त्यांना ही जुनी युक्ती अजूनही उपयोगी पडते. मात्र अशा चष्म्याने डोळा पुरता मिटत नाही, म्हणून तो थोडा थोडा वेळ वापरावा आणि डोळा कोरडा पडू नये म्हणून ओलावा देणारे थेंब घालावे.

येथवर झाला तो सैल नाड्याचा आणि लोंबत्या छपराचा विचार. आता मोटकऱ्याची हाक बैलांपर्यंत न पोहोचण्याचा प्रकार पाहावयाचा आहे, आणि विषयाचे गांभीर्य त्यातच आहे.

मज्जातंतूचे टोक आणि स्नायू एकमेकांस चिकटलेले नसतात; त्यांच्यामध्ये केसाहूनही कितीतरी सूक्ष्म अशी फट असते. आज्ञा आली की तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य त्या फटीत सांडते आणि पलीकडे स्नायूवर असलेल्या ग्राहकांस जाऊन लागते. तेव्हा स्नायू आकुंचन पावतो. काम झाले की दुसरे एक द्रव्य त्याचा तत्काळ निचरा करते. बोट्युलिनम विष ॲसिटिलकोलीनचे सांडणेच बंद करते. एका विकारात शरीराचेच रक्षक चुकून पलीकडच्या ग्राहकांवर हल्ला करतात. त्यास मायस्थेनिया ग्रॅव्हिस म्हणतात. डोळ्याचे व पापणीचे स्नायू सतत कामात असल्याने त्यांचा थकवा प्रथम दिसतो; या विकाराच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत आरंभ पापणी पडण्याने किंवा एकाचे दोन दिसण्याने होतो. सकाळी पापणी ठीक असते आणि सायंकाळपर्यंत खाली येते. वाचता वाचता जड होते आणि विसाव्याने सुधारते. ही खूण वयाच्या ढळण्यात नसते. मिटलेल्या पापणीवर कापडात गुंडाळलेला बर्फ दोन मिनिटे धरला आणि पापणी दोन मिलिमीटर किंवा अधिक वर गेली, तर विकाराचा दाट संशय घ्यावा, अशी साधी परीक्षा नेत्रवैद्य करतात.

या विकारावरील उपचाराचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. इंग्लंडमध्ये ग्रिनिच येथील सेंट अल्फेज रुग्णालयात काम करणाऱ्या मेरी वॉकर या स्त्री-डॉक्टरने १९३४ साली एका रुग्ण स्त्रीस फायसोस्टिग्मिनची सुई टोचली, आणि पडलेली पापणी पाहता पाहता उचलली गेली. फटीतील द्रव्याचा निचरा हे औषध मंद करते, त्यामुळे थोडक्या ग्राहकांनाही पुरेसा इशारा मिळतो. त्याच जातीचे पायरिडोस्टिग्मिन आज गोळ्यांच्या रूपाने दिले जाते, आणि पुढे रक्षकांचा आवेग आवरणारी औषधे जोडतात. अशा रुग्णाची पापणी सुरी लावून उचलणे हा पहिला उपाय नव्हे. आणि काही प्रतिजैविक औषधे त्यास अपायकारक ठरतात, म्हणून कोणतेही औषध घेण्यापूर्वी त्याने आपला विकार सांगणे अगत्याचे आहे.

ग्राहकांचे हे गूढ उकलण्यास मदत केली ती मण्यार या सर्पाच्या विषाने. तैवानातील मण्यारीच्या विषातला एक अंश या ग्राहकांस घट्ट धरून बसतो. त्याचा खुणेसारखा उपयोग करून, मायस्थेनियाच्या रुग्णांच्या स्नायूंवर ग्राहक कमी असतात, हे १९७३ साली दाखविण्यात आले. शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत जे विष ज्ञानाचे साधन झाले, तेच नगर जिल्ह्यातील झोपडीत काळ बनून येते.

अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात, भंडारदऱ्याच्या परिसरात पाऊस भरपूर पडतो आणि भाताची शेती होते. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या भागांत उसाचे दाट फड असतात. पावसाळ्याच्या रात्री मण्यार उंदरांच्या आणि लहान सापांच्या मागे घरात शिरते, आणि जमिनीवर अंथरूण टाकून निजलेल्या माणसास चावते. चावा इतका हलका असतो की कित्येकदा झोपमोडही होत नाही. जखम दिसत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखते, घसा जड होतो आणि पापण्या उघडत नाहीत. घरचे लोक म्हणतात, "झोप पुरी झाली नाही" किंवा "अपचन झाले". प्रत्यक्षात विष स्नायूंची आज्ञा तोडीत असते; पापण्यांनंतर गिळणे, मग मान आणि शेवटी श्वासाचे स्नायू अशी ही वाट आहे. सकाळी उठता निरोगी माणसाच्या दोन्ही पापण्या अचानक पडल्या असतील तर तो वयाचा, झोपेचा किंवा नजरेचा दोष नाही. मण्यारीचा दंश असू शकतो असे गृहीत धरून त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. नागाच्या दंशातही पापण्या पडतात, परंतु तेथे बहुधा जखम दुखते व सुजते, त्यामुळे संशय लवकर येतो.

या ढळलेल्या पापणीवरील उपचारही शस्त्राविनाच आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेसारख्या ठिकाणी घोड्यांच्या रक्तद्रवापासून सिद्ध होत आलेली प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकत्र चालते. ती शिरेतून द्यावी लागते, आणि सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. नागाच्या विषावर निओस्टिग्मिन आणि अट्रोपिन यांच्या सुयाही उपयोगी पडतात, कारण ते विष पलीकडच्या ग्राहकांवर बसते. म्हणजे मेरी वॉकरची युक्तीच येथेही चालते. मण्यारीचे विष मात्र मुख्यत्वे तंतूच्या टोकाचाच नाश करते. एकदा आत शिरल्यावर त्यास प्रतिविष बाहेर काढू शकत नाही, आणि तंतूचे टोक नव्याने वाढेपर्यंत कित्येक दिवस कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागतो. म्हणून प्रत्येक तासाला मोल आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख लोक, म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार, मृत्यू पावले असा अंदाज निघाला. यांतील कितीतरी मृत्यू औषध नसल्याने नव्हे, औषधापर्यंत वेळेवर न पोहोचल्याने झालेले असतात. मांत्रिक आणि देऊळ यांत गेलेला वेळ परत येत नाही. जिल्ह्याच्या शेजारी, जुन्नर तालुक्यातील नारायणगावी डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या रुग्णसेवेत आपले आयुष्य वेचले, ही आदराने सांगण्याजोगी गोष्ट आहे. घरच्या लोकांनी करावयाचे ते एवढेच: रुग्णास चालू देऊ नये, दंशाचा अवयव लाकडी फळीने स्थिर ठेवावा, आवळून बांधू नये, चिरा पाडू नयेत, चोखू नये, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. आणि मुळात दंश टाळण्यासाठी खाटेवर, अंथरुणाखाली कडा खोचलेल्या मच्छरदाणीत निजावे.

आणखी काही प्रसंगी पापणी किंवा भुवई सावधगिरीचा इशारा देते. एकाएकी एका बाजूची पापणी पडली, डोळा बाहेरच्या कोपऱ्याकडे वळला, बाहुली मोठी झाली आणि डोके फुटेल अशी कळ आली, तर मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगा तिसऱ्या तंतूस दाबीत असावा असे समजून क्षणाचाही विलंब न लावता मोठ्या रुग्णालयात जावे. मधुमेह्याच्या पापणीचे असेच पडणे बहुधा बाहुली न बदलता होते आणि सामान्यतः तीनेक महिन्यांत आपोआप सुधारते. परंतु हा फरक घरी न ठरविता वैद्यावर सोपवावा. अर्ध्या चेहऱ्याचे स्नायू लुळे पडण्याचा बेल याचा विकार निराळा. त्यात पापणी पडत नाही, उलट मिटतच नाही, आणि भुवई व कपाळ त्या बाजूस ढळते. ७२ तासांच्या आत स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या तर बरे होण्याचा संभव वाढतो. तोवर डोळ्यात ओलावा देणारे थेंब घालावे व झोपताना पापणी चिकटपट्टीने बंद ठेवावी. तोंड वाकडे झाले असून कपाळास मात्र आठी घालता येते, तेव्हा तो बहुधा मेंदूचा झटका असतो. तेथे एकेक मिनिट मोलाचे असते.

कुष्ठरोगात भुवयांचे केस गळतात आणि पापण्या मिटण्याचे बळ जाते. त्यावर बहुविध औषधांचा उपचार १९८० नंतरच्या दशकापासून रूढ झाला असून शासनाकडून विनामूल्य मिळतो. पापणीचे बळ नुकतेच गेले असेल तर प्रेडनिसोलोनने ते बहुतेकदा परत आणता येते, पण वर्षानुवर्षे लपवून ठेवल्यावर नाही. जन्मतःच पापणी पडलेल्या मुलाची गोष्टही अशीच आहे. बाहुली झाकलेली राहिली तर त्या डोळ्याकडे मेंदू पाहावयाचे शिकतच नाही आणि तो डोळा आळशी होतो. "मोठा झाल्यावर पाहू" असे म्हणून मुलास घरी ठेवणे हितावह नाही; तेथे शस्त्रक्रिया वेळेवर करणेच श्रेयस्कर, आणि डोळ्यावर पट्टी बांधणे हा तिचा केवळ सहायक आहे.

शहरातील घरांस हे सारे दूरचे वाटू नये, आणि उपचारही दूर नाहीत. प्रवरेच्या काठी लोणी येथे १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, नगर शहराच्या परिसरातही वैद्यकीय महाविद्यालय व नेत्ररुग्णालये आहेत. आरशातील चेहरा पाहून नाराज होणाऱ्याने प्रथम आपली तक्रार तीन प्रश्नांवर घासून पाहावी: ढळणे हळूहळू झाले की एकाएकी? दिवसभर सारखेच असते की सायंकाळी वाढते? एकाच बाजूस आहे की दोन्हीकडे? हळूहळू, सारखे आणि दोन्हीकडचे असेल तर ते बहुधा वयाचे. त्यावर सुई, ध्वनिलहरी किंवा थेंब यांपैकी काय करावे किंवा काहीच करू नये, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा, खिशाचा आणि वैद्याच्या सल्ल्याचा विषय होय. सायंकाळी वाढणारे असेल तर मज्जातंतूवैद्यास दाखवावे. आणि एकाएकी आलेले असेल, मग ते एका बाजूचे असो वा दोन्हीकडचे, तर सौंदर्याचा विचार बाजूस ठेवून थेट रुग्णालयाची वाट धरावी. जी पापणी सावकाश ढळली ती सावकाश दाखविली तरी चालते. एका रात्रीत ढळलेल्या पापणीला मात्र सकाळची वाट पाहू देऊ नये.